डावा कोपरा

डिसेंबर लागला की माझं सगळं अंग गारठतं, डाव्या गुडघ्याखालची चार बोटं जागा तेवढी सोडून. त्या जागेला काही कळत नाही. ऑपरेशनच्या वेळी तिथली कसलीतरी बारीक नस कापली जाते, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. चिमटा काढा, गरम पाण्याची पिशवी ठेवा, दहिवरानं ओल्या झालेल्या गवतातून चाला, ती जागा आपली गप्प. सुरुवातीला मी रोज बोट फिरवून बघायची, आज काही कळतं का म्हणून. मग सवय झाली. आता कधी कधी वाटतं, ती चार बोटं हळूहळू वर सरकत गेली असावीत. कारण हल्ली मला कशाचंच फारसं काही वाटत नाही. आनंद नाही म्हणावं, तर दुःखही नाही. शाळा, डबा, मैदान, घर. विचारलं कुणी तर मी बरी आहे.

तर डिसेंबर. तुरीच्या शेंगा भरायला लागतात, ज्वारी पोटऱ्यात येते, कापसाची शेवटची वेचणी चालू असते आणि जिल्ह्याच्या मुलींच्या कबड्डी संघाची निवड चाचणी येते. मी मानवतच्या एका शाळेत खेळ शिकवते. गेली काही वर्षं निवड समितीत माझं नाव असतं. दुसरं नाव नानांचं. नाना सत्तरीचे, कधीचे निवृत्त झालेले खेळाचे मास्तर, कानाला मफलर, हातात गुणांची वही. दोन दिवस आम्ही दोघं फक्कीनं आखलेल्या मैदानाशेजारी टेबल मांडून बसतो आणि जिल्हाभरातून आलेल्या पन्नास-साठ पोरींतून बारा काढतो. बाराच. बाकीच्या बॅगा उचलून एसटीला लागतात. पहिल्या वर्षी त्यांच्याकडं बघवत नव्हतं. आता मी त्याच वेळी चहा पिते.

आमचं एक भांडण दरवर्षी ठरलेलं असतं. नाना चढाई करणाऱ्या पोरी आधी काढतात. मी आधी कोपरे काढते. डावा कोपरा, उजवा कोपरा, मग मधल्या, आणि मग राहिलेल्या जागांवर चढाईवाल्या. नाना म्हणतात, बाई, लोक काय पाय धरून बसलेल्या पोरी बघायला येतात का? लोकांना उडी पाहिजे, पाच जणींतून निसटून आलेली पोरगी पाहिजे. नानांचं खोटं नाही. आमच्याकडच्या जत्रेतल्या सामन्यांत चढाईला नारळ मिळतो, स्टीलचा डबा मिळतो, माइकवरून नाव पुकारलं जातं. कोपऱ्यात वाकून उभ्या राहिलेल्या पोरीला कधी कुणी डबा दिल्याचं मला आठवत नाही. समितीत माझं नाव ‘कोपऱ्याची बाई’ असं पडलंय. पडू दे. त्यामागचं कारण मी कुणाला सांगितलेलं नाही.

यंदा अर्ज चाळताना एका अर्जाशी हात थांबला. पल्लवी, राहणार पूर्णा, खेळण्याची जागा चढाई. खाली आईचं नाव, छबुबाई.

आमच्या गावात, झरीच्या थोडं अलीकडं, खेळताना गडी वाटून घ्यायची एक रीत होती. दोन कॅप्टन खाली बसायच्या. बाकीच्या पोरींनी जोड्या करायच्या, गळ्यात हात टाकून लांब चिंचेपर्यंत जायचं, आपसात गुपचूप नावं ठरवायची आणि परत येऊन विचारायचं, कोण घेतंय विहीर, कोण घेतंय नदी? कॅप्टननं न बघता मागायचं. जिनं विहीर मागितली तिला विहीर झालेली पोरगी. मोठी न्यायाची रीत म्हणून आम्हाला तिचा अभिमान होता. पण जोडी तोडीस तोड करायची असा नियम, त्यामुळं चढाईवाली चढाईवालीशी जोडी करायची, पळणारी पळणारीशी. छबूशी कोण जोडी करणार? ती चढाईला गेली की तीन पावलांत तिचा दम सुटायचा. मग शेवटी छबू एकटीच उरायची, ओढणी कमरेला खोचून, दात काढून हसत. उरलेली जिला पाहिजे तिनं न्यावी. मी न्यायची. माझ्या हुशारीचं तेवढं एक उदाहरण.

कारण छबू कोपऱ्यात उभी राहिली की बघायला पाहिजे होतं. म्हणजे बघण्यासारखं काहीच नव्हतं. दोन्ही हात गुडघ्यापर्यंत सोडलेले, मान खाली, नजर समोरच्या पोरीच्या पायावर. तोंडाकडं ती कधी बघायचीच नाही. तोंड खोटं बोलतं, घोटा न्हाई बोलत, असं तिचं म्हणणं. आणि एकदा का तिच्या हातात घोटा आला की संपलं. ज्वारीचं धाट मुळासकट उपटावं तसा तो पाय जमिनीवरून सुटायचा.

माझी जागा तिच्या लगत. साखळीत माझा डावा हात तिच्या उजव्या हातात. पहाटेच्या सरावाला बोटं इतकी गारठलेली असायची की आपला हात कुठं संपतो आणि तिचा कुठं सुरू होतो हे कळायचं नाही. पण तिनं दाबलं की कळायचं. आमची खूण होती. एकदा दाबलं, थांब. दोनदा दाबलं, चल. मी उतावळी. समोरचीनं नुसता खांदा हलवला की माझं पाऊल पुढं. मग छबू एकदा दाबायची आणि मी थांबायची. तसं थांबल्यामुळं मी किती वेळा वाचले याचा हिशोब नाही. माइकवर नाव मात्र माझंच यायचं. मला ते आवडायचं, आणि ते खोटं सांगण्यात अर्थ नाही.

अकरावीला असताना आमच्या शाळेच्या संघानं जिल्हा जिंकला. पुढं विभाग, त्यापुढं राज्य. राज्यापर्यंत गेलेल्या पोरीला जो कागद मिळतो त्याची किंमत गावात सगळ्यांना ठाऊक होती. त्यावर पोलीस भरतीत खेळाडूची जागा मिळायची. विभागाच्या कागदालाही बाहेर थोडी किंमत होतीच. छबूचं गणित सरळ होतं. तिच्या बापानं तिला सांगून ठेवलेलं, कागद आण, बारावी कर, भरतीला उभी राहा, मी आडवा येत नाही. नाही आणलास तर मामानं सुचवलेल्या पूर्ण्याच्या स्थळाला होकार कळवतो. बाप वाईट नव्हता. त्याला पोरीचा खेळ नव्हता दिसत, कागद दिसला असता.

त्याच महिन्यात दोन गोष्टी झाल्या. एक, मानवतकडून एक पोरगी आमच्या शाळेत आली. उंच, हलकी, चढाईला गेली की नुसती वीज. दुसरी गोष्ट फक्त मला ठाऊक होती. आमच्या घरचा कापूस गाडीत भरत होते आणि आम्ही पोरी वर चढून तो तुडवत होतो. कापूस तुडवण्यासारखं सुख नाही. मांडीपर्यंत आत जायचं, नाकात तो तेलकट उबदार वास, खालून बाप्ये ओरडतायत की नुसतं नाचू नका, दाबा. तसं दाबताना माझा डावा पाय आत रुतला आणि अंग वळलं. गुडघ्यात काहीतरी कट्टकन वाजलं. मी हसत राहिले. खाली उतरले, घरी गेले, हळद लावून फडकं बांधलं आणि वरून सलवार घातली.

आता आम्ही तेरा झालो होतो. सरांनी मला शाळेच्या ओट्यावर बोलावलं. त्यांच्या हातात मोसमभराच्या सामन्यांची वही. ते म्हणाले, तू कॅप्टन हाईस, एक नाव कमी करायचं, तूच सांग. मी वही बघितली. चढाईवाल्यांच्या नावांपुढं रेघांच्या ओळीच्या ओळी. छबूच्या नावापुढं तीन. अख्ख्या मोसमात तीन पकडी.

तीनच का, हा प्रश्न आम्हा दोघांच्याही डोक्यात आला नाही. पहिल्या दोन सामन्यांत ज्यांचे घोटे तिनं धरले, त्यांनी पुढच्यांना सांगून ठेवलं होतं की त्या बाजूला जाऊ नका. कुणी जातच नव्हतं. सगळ्या चढाया उजवीकडं जायच्या, तिथं आमच्या पोरी पकडी करायच्या आणि वहीत रेघा ओढून घ्यायच्या. छबू अर्धं मैदान नुसती उभी राहून सांभाळत होती. न आलेल्या चढाईची रेघ कोण ओढणार?

पण मी हे न कळल्याच्या आड लपत नाही. कमी करायचं नाव दुसरंही एक होतं. लंगडणाऱ्या कॅप्टनचं. सर, माझा गुडघा दुखतोय, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, “छबूला ठेवा सर. कोपऱ्यात काय, कुणीबी उभं राहतं.”

‘ठेवा’ म्हणजे घरी ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुई पडली होती. सरांनी मैदानावर बारा नावं वाचली. छबू तेराव्या नावाची वाट बघत उभी राहिली, तेरावं नाव नसतं हे ठाऊक असूनही. मग माझ्याकडं आली. मी बुटाची नाडी बांधत होते, बांधून झाल्यावरही बांधत होते. ती खाली बसली, तिच्या उजव्या गुडघ्याची पट्टी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

“डाव्याला बांध,” ती म्हणाली. “लय दिस झाले, पाय ओढायलीस तू.”

तिला माहीत होतं. माझा हात हातात धरून रोज शेजारी उभी राहणारीला ते कळणारच होतं. आठवडाभर तिनं सरांना एका शब्दानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिची जागा तिलाच राहिली असती. मी पट्टी बांधली. ती अजून तिच्या पायाची गरम होती. त्या वेळी मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. एसटीची वेळ झाली होती.

विभागात आम्ही दुसऱ्याच सामन्यात हरलो. त्या शहरातल्या पोरींनी पाच मिनिटांत ओळखलं की आमचा डावा कोपरा पोकळ आहे, आणि मग एकामागून एक त्या तिकडूनच आत आल्या. मी डावा हात लांब करायची आणि हातात नवीन पोरीचा हात असायचा. घामट. दाबायचाच नाही. उत्तरार्धात माझा गुडघा गेला तो गेलाच. परतीच्या गाडीत सर आमच्या जिल्ह्याची ठरलेली म्हण म्हणाले, “बनी तो बनी, नहीं तो परभणी.” सगळ्या हसल्या. मीही हसले. शेंगदाणे खाल्ले. तुरीच्या शेतांवरून पिवळं ऊन मागं पळत होतं, आणि आमच्यातल्या कुणालाच राज्याचा कागद मिळाला नव्हता. मला विभागाचा मिळाला. पुढं खेळाच्या शिक्षणाला प्रवेश घेताना तोच कामाला आला. नोकरी लागल्यावर गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं, उशिरानं.

छबूचं लग्न हरभरा काढायच्या आत झालं. मी गेले होते, गुडघ्याला तिचीच पट्टी बांधून. त्यानंतर ती पूर्ण्याला आणि मी जिथं नोकरी तिथं. पूर्णा काही परदेशात नाही, पण मी कधी गेले नाही. रेल्वेनं कुठं जायचं झालं की गाडी पूर्ण्याला बराच वेळ थांबते. तेवढ्या वेळात मी दरवेळी पेपर वाचायची.

यंदा चाचणीच्या पहिल्या दिवशी पल्लवीला बघितलं. आईसारखीच रुंद हाडाची, लांब हातांची. चढाईला गेली. पावलं शिकवल्यासारखी बरोबर पडत होती, एक, दोन, वळण, पण तिसऱ्या पावलाला दम सुटला आणि ती धरली गेली. पुन्हा गेली, पुन्हा धरली गेली. नानांनी वहीत तिच्या नावापुढं फुली मारली. बरोबरच होतं. मीही मारली असती.

मग गंगाखेडची एक पोरगी आली नाही, तिची बस चुकली म्हणे, आणि एका बाजूचा डावा कोपरा रिकामा राहिला. मी पल्लवीला म्हणाले, तेवढ्यापुरती तू उभी राहा. ती नाखुशीनं गेली. कमरेत वाकली. हात गुडघ्यापर्यंत सुटले. मान खाली गेली. पहिल्या चढाईला एक घोटा तिच्या हातात आला आणि पुढचं सगळं धडपडत तिच्या अंगावर पडलं. चौथीला पुन्हा तेच. त्यानंतर मी वहीच्या समासात दोन रकाने पाडले, डावा आणि उजवा, आणि आधीच्या धरून कुठली चढाई कुठल्या बाजूला गेली याच्या रेघा ओढत बसले. सामना संपला तेव्हा उजवा रकाना भरून गेला होता. डाव्यात त्या पहिल्या दोनच.

दुपारी कडुनिंबाखाली छबू दिसली. पहिल्या सुटीलाच ती पोरीचा डबा घेऊन पूर्ण्याहून आली होती. केस पांढरे, अंग भरलेलं. रेल्वेतल्या एकट्या राहणाऱ्या माणसांची ती खानावळ चालवते, सकाळ-संध्याकाळ मिळून शंभरावर भाकरी थापते, हे तिनं सांगितलं. नवरा रेल्वेच्या गँगमध्ये, रुळांच्या कामावर होता, आता पेन्शनीत आहे. माझं काय चाललंय ते विचारलं. मी म्हणाले, बरं आहे. तिनं ज्वारीची अर्धी भाकर आणि ठेचा माझ्या हातावर ठेवला. आम्ही उभ्या उभ्याच खाल्लं. मग ती सरळ मुद्द्यावर आली.

“तिला कोपऱ्यात कशाला उभी केलीस, शोभे?”

मी म्हणाले, पोरगी कोपऱ्याचीच आहे. तुझीच आहे.

“म्हणूनच तर,” ती म्हणाली. “कोपऱ्याचं कुणाला दिसतंय? वहीत येत न्हाई ते. पाच वर्सं झाली, पहाटं उठवून चढाई शिकवायलेय मी तिला. मला येत नसताना. आमच्यावाणी उरलेली न्हाई राहू द्यायची म्हणून.”

ती रागानं बोलत नव्हती. भाजी महागली हे सांगावं तसं बोलत होती. मी भाकरीचा शेवटचा तुकडा चावत राहिले. त्याला चव होती की नव्हती, सांगता येणार नाही. एवढं कळलं की पाच वर्षं एका आईनं आपल्या पोरीला तिच्या अंगचा खेळ सोडून दुसरंच शिकवलं होतं, आणि शाळेच्या ओट्यावरच्या माझ्या एका वाक्यापासून ते सुरू झालं होतं. चढाईवाली म्हणून पोरगी निवडली जाणार नव्हती. कोपऱ्याची म्हणून तिला अर्धा दिवस मिळाला होता.

दुसऱ्या दिवशी यादी करायला बसलो. अकरा नावांवर आमचं जमलं. बाराव्या जागेला नानांच्या मनात परभणीची एक चढाईवाली होती, माझ्या मनात पल्लवी. नाना म्हणाले, हिच्या नावावर दोन पकडी आहेत, दोन. मी समासातले रकाने त्यांच्यापुढं सरकवले. आणि मग तेही सांगितलं की या पोरीची आई माझ्या शेजारी खेळायची, त्यामुळं माझ्या शब्दावर जाऊ नका, स्वतः बघा. नानांनी चष्मा पुसला. त्यांनी पल्लवीला पुन्हा डाव्या कोपऱ्यात उभं केलं, समोर आपल्या आवडत्या तीन चढाईवाल्या सोडल्या आणि या वेळी वही बंद करून बसले. पहिलीचा घोटा पल्लवीच्या हातात गेला. त्यानंतर बाकीच्या दोघी उजवीकडंच खेळत राहिल्या. नाना तिकडं बोट दाखवून ओरडले, अगं इकडं जा की. कुणी गेलं नाही.

“लिवा,” नाना म्हणाले. “उशिरा कळलं बाई आमाला.”

उशीर त्यांच्या आधी माझा झाला होता. मी नवा कागद घेऊन यादी पहिल्यापासून लिहिली.

यादी वाचायचं काम नानांचं. ऊन कलतीला लागलं होतं, फक्कीच्या रेघा पायांनी पुसल्या गेल्या होत्या. पोरी दोरीच्या आत दाटीवाटीनं उभ्या. मी दोरीच्या बाहेर गेले आणि छबूच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले, नकळत, जिथं मी कायम उभी राहायची तिथंच. यादी मी लिहिली होती, म्हणजे पहिला डावा कोपरा. नानांनी पहिलंच नाव वाचलं. पल्लवीनं मागं वळून आईकडं बघितलं. तिला आनंद झाला होता की आपलं काही चुकलं असं वाटत होतं, ते तिच्या तोंडावरून कळेना. छबूनं मान हलवली, एकदाच. पोरगी पुढं गेली.

नाना पुढची नावं वाचत होते. मला वाटलं, आता. इतकी वर्षं जे गाडीत पेपरामागं लपवलं ते आत्ता नाही बोलले तर मग कधीच नाही.

“छबे,” मी म्हणाले, “त्या साली तुझं नाव सरांनी न्हाई, ते...”

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. नजर समोर, पोरींच्या पायांवर. तिचा उजवा हात आला आणि माझा डावा हात त्यात गेला. तव्याच्या चटक्यांनी बोटं जाड झालेली, तळवा पुठ्ठ्यासारखा. तिनं एकदा दाबलं.

मी थांबले. नाना बारावं नाव वाचेपर्यंत दुसऱ्यांदा दाबलेलं आलं नाही.